निशिगंधाचा कंद एकदाच फुलतो

निशिगंधाबद्दलची तक्रार बहुतेक घरांत सारखीच असते. नर्सरीतून कंद आणले, कुंडीत लावले, पहिल्याच पावसाळ्यात दोन-तीन सुरेख दांड्या आल्या आणि संध्याकाळी गॅलरी दरवळली. दुसऱ्या वर्षी एखादीच दांडी, तीही बारकी. तिसऱ्या वर्षी कुंडीभर नुसतं गवत. मग कुणी खत वाढवतं, कुणी पाणी वाढवतं, तर कुणी 'जात बिघडली' म्हणून सगळं उपटून टाकतं. खरं कारण मातीखाली असतं. निशिगंधाचा एक कंद उभ्या आयुष्यात एकदाच फुलतो. एवढं कळलं की लावणी, खत, पाणी, काढणी यांतली प्रत्येक गोष्ट का करायची हेही कळत जातं.

केळीचं बघा. केळ एकदाच विते. घड उतरवला की त्या खुंटाचं काम संपलं. पुढचा घड शेजारच्या मुनव्याला येतो. म्हणून केळीचं बेट वर्षानुवर्षं टिकतं, पण त्यातला कुठलाही खुंट दोनदा घड देत नाही. निशिगंधाचं तसंच आहे. आपण लावलेला कंद फुलतो आणि संपतो, पण संपण्याआधी आजूबाजूला पिल्लं धरतो. ती पिल्लं पोसली गेली तर पुढच्या दांड्या त्यांच्या. पोसली गेली नाहीत तर नुसती पानं.

याचं जवळचं नातं घायपाताशी आहे, तेच घायपात ज्याचा वाख काढून दोर वळतात. घायपातही कित्येक वर्षं नुसती पानं वाढवतं, मग मधून खांबासारखा उंच दांडा काढतं आणि फुलून मरतं. निशिगंधाचं शास्त्रीय नाव बरीच वर्षं 'पॉलिअँथेस ट्यूबेरोसा' होतं. डीएनएच्या अभ्यासातून नाती स्पष्ट झाल्यावर त्याला घायपाताच्याच 'अगेव्ह' या प्रजातीत घेतलं गेलं आणि नवं नाव मिळालं 'अगेव्ह अमिका'. मूळ मेक्सिकोचं हे झाड आता रानात कुठे सापडत नाही, माणसाच्या हातूनच टिकून आहे. तिथले अझ्टेक लोक त्याला 'हाडाचं फूल' अशा अर्थाच्या नावाने ओळखत. पाकळीचा तो मेणचट, घट्ट पांढरेपणा पाहिला की नाव पटतं. आणि इंग्रजीतल्या 'ट्यूबरोज'मध्ये गुलाब कुठेच नाही. 'ट्यूबेरोसा' म्हणजे गाठाळ, कंदाळ. त्याचाच तो अपभ्रंश.

कंदात काय असतं

एक पूर्ण वाढलेला कंद धारदार सुरीने उभा कापून बघा. एका कंदाचं नुकसान होईल, पण पुढची सगळी माहिती त्या कापात दिसते. तळाला कडक, चपटी चकती दिसेल. खरं खोड ते, फक्त चेपून बसलेलं. चकतीच्या खालून मुळं फुटतात. वरच्या बाजूला कांद्यासारखे पांढरे जाड पापुद्रे एकावर एक बसलेले असतात. ती पानांची बुडं, अन्न साठवून फुगलेली. अगदी मधोमध कोंब. आणि नीट पाहिलं तर पापुद्र्यांच्या कुशीत, चकतीला लागून, मोहरीएवढे बारीक डोळे. पुढची पिल्लं या डोळ्यांतून येतात.

मधला कोंब आधी पानं काढतो. पानांनी उन्हात तयार केलेलं अन्न पापुद्र्यांत उतरतं. साठा पुरेसा झाला की कोंबाचं टोक पानं काढायचं थांबवून दांडीत बदलतं, आणि इथेच सगळं ठरतं. टोकच दांडी होऊन वर गेल्यामुळे त्या कंदाला पुढे वाढायला टोक उरत नाही. मग बाजूचे डोळे जागे होतात.

साठा पुरेसा आहे की नाही याची खूण म्हणजे कंदाचा व्यास. जाडात जाड जागी 2 ते 3 सेंटिमीटर भरणारा कंद त्याच हंगामात दांडी देतो. 1.5 सेंटिमीटरचा देईल, पण उशिरा आणि आखूड. 1 सेंटिमीटरखालचा कंद त्या वर्षी फक्त पानं देतो, मग त्याला काहीही घाला. चहाचा चोथा, केळीच्या सालीचं पाणी, एप्सम सॉल्ट यांच्या जोरावर फूल 'आणता' येतं हा समज म्हणूनच सोडून द्यावा. कंद भरला नसेल तर बाहेरून दांडी खेचून काढता येत नाही.

डॅफोडिल, ट्यूलिप या परदेशी कंदांबद्दल वाचून अनेकजण निशिगंधाचे कंदही आधी फ्रिजमध्ये ठेवतात. डॅफोडिलची दांडी लांब व्हायला त्याच्या कंदाला साधारण 12 ते 16 आठवडे थंडी लागते. तो तिकडच्या हिवाळ्याशी जुळवून घेतलेला कंद आहे. निशिगंध उबेवर वाढतो. 20 ते 30 अंश सेल्सिअस ही त्याची आवडती हवा, त्यामुळे आपल्याकडे त्याला फ्रिजची गरज नाही. एक नियम मात्र दोघांनाही सारखा लागू पडतो: फुलं संपली म्हणून हिरवी पानं कापायची नाहीत, वेणी घालून बांधायचीही नाहीत. पुढचा कंद त्याच पानांवर पोसला जात असतो.

कंद विकत घेताना

निशिगंधात दोन मुख्य प्रकार. सिंगल म्हणजे पाकळ्यांची एकच ओळ, आणि डबल म्हणजे तीनपेक्षा जास्त ओळी. मधल्या दोन-तीन ओळींच्या प्रकाराला सेमी-डबल म्हणतात. वासासाठी लावायचा असेल तर निःसंकोच सिंगल घ्या. हार, वेणी, गजऱ्यात दिसणारी सुटी फुलं सिंगलची, आणि अत्तरासाठीही तोच वापरतात. डबलची दांडी फुलदाणीत भारदस्त दिसते, पण वास बेताचा आणि टोकाकडच्या काही कळ्या उमलतच नाहीत. हे नाव ठेवणं नव्हे, तो प्रकारच तसा आहे.

बंगळुरूजवळच्या हेसरघट्टा इथल्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेने काढलेल्या जातींपैकी शृंगार आणि प्रज्वल या सिंगल, तर सुवासिनी डबल. प्रज्वलच्या कळीला गुलाबी झाक असते, उमललं की फूल पांढरं. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाची फुले रजनीही सिंगलच. लखनौच्या राष्ट्रीय वनस्पती संशोधन संस्थेच्या दोन जाती पानांसाठीसुद्धा ठेवाव्यात अशा आहेत: रजत रेखाच्या पानात मधोमध रुपेरी पट्टा असतो, आणि स्वर्ण रेखाच्या पानाला कडेने सोनेरी. घरी लावायला पहिली पसंती शृंगारला. मुळांवर गाठी आणणाऱ्या सूत्रकृमीला ती बऱ्यापैकी दाद देत नाही, आणि हा सूत्रकृमी काय करतो ते पुढे येईलच.

कंद हातात घेऊन अंगठ्याने दाबा. टणक, वजनदार, भोवऱ्यासारखा हवा. दबला, बुडाशी ओलसर लागला किंवा आंबूस वास आला तर नको. माथ्यावर वाळलेल्या दांडीचा पोकळ खुंट दिसला तर तो कंद कितीही मोठा असला तरी घेऊ नका; तो फुलून झालेला आहे. बाजारात असे कंद सर्रास मिसळलेले असतात आणि आकारामुळे गिऱ्हाईक नेमके तेच उचलतं. मापाला रुपयाचं नाणं बरं पडतं, ते साधारण 2 सेंटिमीटरचं असतं. कंदाचा पोटाचा भाग नाण्याएवढा किंवा जास्त भरायला हवा.

माती आणि कुंडी

निशिगंधाला पाणी आवडतं, साचलेलं पाणी नाही. देशावरची निव्वळ काळी माती कुंडीत भरली की पावसाळ्यात ती चिकट गोळा होते आणि कंद तळापासून सडतो. त्यात मूठभर वाळू मिसळून भागत नाही. थोडी वाळू आणि चिकणमाती मिळून उलट विटेसारखी घट्ट बसते. 2 भाग पोयट्याची किंवा लाल माती, 1 भाग पूर्ण कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत आणि 1 भाग जाड वाळू हे मिश्रण चालतं. 12 इंची कुंडीमागे मूठभर, म्हणजे साधारण 50 ग्रॅम, निंबोळी पेंड घाला. जमिनीत लावायचं असेल तर 15 ते 20 सेंटिमीटर उंचीचा गादीवाफा करा, माती कोणतीही असो. कोकणातल्या जांभ्याच्या मातीत निचरा छान होतो, पण पावसाबरोबर अन्नही वाहून जातं. तिथे शेणखत दुप्पट लागतं आणि खताचे हप्ते लहान-लहान द्यावे लागतात.

शेणखत 'पूर्ण कुजलेलं' याचा अर्थ शेणाचा वास न येणारं, हातात घेतलं की भुरभुरणारं. कच्च्या शेणखतातून हुमणी येते. इंग्रजी 'सी'च्या आकाराची ही पांढरी गुबगुबीत अळी मुळं खाता खाता कंदापर्यंत पोचते. वर मात्र नुसती पिवळी पानं दिसतात आणि आपण पाणी वाढवत बसतो.

कुंडी किमान 12 इंच रुंद आणि तितकीच खोल. तळाला चार-पाच भोकं, भोकावर खापराचा तुकडा. खाली थाळी ठेवत असाल तर पाणी घातल्यावर अर्ध्या तासाने ती रिकामी करा. जागेला निदान 6 तास थेट ऊन हवं. निशिगंध सावलीत मरत नाही, आणि फसगत तिथेच होते: पानं लांबलचक, हिरवीगार, लोंबती होतात, पण कंद भरत नाही. उत्तरेकडच्या गॅलरीत याच्या नादी लागू नये.

लावणी

महाराष्ट्रात अक्षय्य तृतीयेच्या आसपास, एप्रिल अखेर ते मेच्या मध्यापर्यंत लावलेलं सर्वांत बरं. लावल्यापासून पहिली दांडी यायला साधारण 90 ते 100 दिवस लागतात, म्हणजे ऑगस्ट येतो आणि गणपतीच्या सुमाराला घरची फुलं मिळतात. मृगाच्या पावसात लावली तरी चालतं, पण भिजल्या मातीत मुळं न फुटलेला कंद सडण्याची भीती असते. मेमध्ये लावलेला कंद पावसाआधी मूळ धरून बसतो.

लावण्याआधी कंदाची जुनी वाळकी मुळं कात्रीने कापा, सुटलेले पापुद्रे काढा. मग 1 लिटर पाण्यात 2 ग्रॅम कार्बेन्डाझिम घालून 15 ते 20 मिनिटं कंद बुडवा, हातमोजे घालून, आणि सावलीत निथळू द्या. रासायनिक बुरशीनाशक नको असेल तर शेणखतात ट्रायकोडर्मा मिसळून ते कंदाभोवती घाला. दोन्ही एकदम करू नका. ट्रायकोडर्मा ही स्वतः बुरशीच आहे. बुरशीनाशकात बुडवलेल्या कंदाशेजारी ती टिकत नाही, पैसे तेवढे वाया जातात.

चकती खाली, शेंडा वर. शेंड्यावर 3 ते 4 सेंटिमीटर माती यायला हवी. जास्त खोल गेला तर कोंब वर यायला वेळ लागतो आणि त्यातच साठा खर्ची पडतो. उथळ राहिला तर दांडी निघाल्यावर झाड कलतं. वाफ्यात दोन कंदांत 20 सेंटिमीटर, दोन ओळींत 30 सेंटिमीटर अंतर ठेवा. 12 इंची कुंडीत चार कंद: तीन कडेपासून चार बोटं आत आणि एक मध्ये. त्याच वेळी कडेला एक तीन फुटी काठी रोवून ठेवा. ऑगस्टमध्ये दांडी वाऱ्याने झुकायला लागल्यावर काठी खुपसायला गेलात तर ती नेमकी एखाद्या भरल्या कंदातून आरपार जाते.

पाणी आणि खत

लावल्यावर एकदा भरपूर पाणी. त्यानंतर कोंब दिसेपर्यंत, म्हणजे दोन-तीन आठवडे, हात राखून. या काळात मुळं नसतात, पाणी पिणारं कुणी नसतं. सगळ्यांत जास्त कंद याच काळात सडतात. माती तपासायची ती बोटाने. बोटाची दोन पेरं मातीत घाला. टोकाला ओल लागली तर पाणी नको. शेतकरी ज्याला वाफसा म्हणतात ती स्थिती, मुठीत दाबल्यावर गोळा व्हावा आणि बोटाने टोचल्यावर फुटावा, कुंडीतही तीच हवी. पानं वीतभर झाली की उन्हाळ्यात कुंडीला रोज आणि वाफ्याला तीन-चार दिवसांनी पाणी लागतं. पावसाळ्यात उघडीप मिळाली तरच. हिवाळ्यात वाफ्याला आठ-दहा दिवसांनी. दांडी निघून कळ्या भरत असताना मात्र ताण पडू देऊ नका. तेव्हा माती सुकली की टोकाच्या कळ्या पिवळ्या पडून गळतात आणि दांडी अर्धवट उमलून थांबते.

खताचं माप शेतीतल्या शिफारशीवरून काढता येतं. हेक्टरी 200 किलो नत्र, 150 किलो स्फुरद आणि 200 किलो पालाश हे माप धरलं तर 1 चौरस मीटर वाफ्याला सुमारे 43 ग्रॅम युरिया, 94 ग्रॅम सिंगल सुपर फॉस्फेट आणि 33 ग्रॅम म्युरेट ऑफ पोटॅश पडतं. 12 इंची कुंडीचं तोंड चौरस मीटरच्या जेमतेम 7 टक्के असतं. म्हणजे अख्ख्या हंगामाला 3 ग्रॅम युरिया, साडेसहा ग्रॅम सुपर फॉस्फेट, सव्वादोन ग्रॅम पोटॅश. इतकंच. चमच्या-चमच्याने युरिया घालणाऱ्यांनी हा आकडा कुंडीवर लिहून ठेवावा. सुपर फॉस्फेट आणि पोटॅश लावणीच्या वेळीच मातीत मिसळा. युरियाचे तीन सारखे हप्ते करा, म्हणजे कुंडीला दर वेळी 1 ग्रॅम, आणि ते लावणीनंतर 30, 60 आणि 90 दिवसांनी पाण्यात विरघळवून द्या. नत्र जास्त झालं की पानं माजतात, दांडी लुसलुशीत होते, मान टाकते आणि मावा लगेच चढतो. फक्त सेंद्रिय खतं वापरायची असतील तर महिन्याला दोन मुठी गांडूळखत आणि एक मूठ निंबोळी पेंड, वरची माती हलकेच खुरपून. खुरपं दोन बोटांहून खोल घालू नका, मुळं वरच्यावरच असतात.

काय बिघडतं आणि का

पानं भरपूर, दांडी नाही: यामागे चारच कारणं असतात. कंद लहान होते, ऊन कमी पडलं, नत्र जास्त झालं किंवा कुंडीत दाटी झाली. पहिल्या वर्षी दांडी आलीच नाही तर पहिली तीन तपासा. एकदा फुलून मग थांबलं असेल तर हमखास दाटी. एका कंदाभोवती वर्षभरात दहा-पंधराही लहानमोठी पिल्लं जमतात. तेवढीच माती, तेवढंच ऊन आणि खाणारी तोंडं पंधरा. एकही 2 सेंटिमीटरपर्यंत पोचत नाही. या कुंडीला खत वाढवून उपयोग नाही. ती मोकळी करायला हवी.

झाड खुजं, पानं पिवळट, दुपारी कोमेजून संध्याकाळी पुन्हा ताजी: मुळं काढून बघा. त्यांवर मण्यांसारख्या गाठी असतील तर तो सूत्रकृमी. गाठींमुळे मुळांतून पाणी नीट चढत नाही, म्हणून ओल्या मातीतही झाड तहानलेलं दिसतं. याला घरगुती फवारणी लागू पडत नाही, कारण कृमी मुळाच्या आत असतो. कुंडीची माती फेकून द्या आणि ती दुसऱ्या कुंडीत किंवा कंपोस्टमध्ये घालू नका. जमिनीत असेल तर त्या वाफ्यात एक हंगाम झेंडू लावा. पुढच्या उन्हाळ्यात वाफा ओला करून पारदर्शक प्लास्टिकने कडा दाबून झाका आणि चार ते सहा आठवडे उन्हात तापू द्या. टोमॅटो, वांगी, भेंडी यांनाही हाच कृमी लागतो, म्हणून त्यांच्या जागेवर लगेच निशिगंध नको.

पावसाळ्यात बुडाशी पान सहज उपटून येतं, मातीलगत पांढरे धागे दिसतात आणि त्यांत मोहरीच्या दाण्यासारखे तपकिरी गोल कण: ही खोडकूज. ते कण म्हणजे बुरशीची झोपलेली रूपं, मातीत वर्षानुवर्षं टिकतात. ते झाड भोवतालच्या ओंजळभर मातीसकट उचलून कचऱ्यात टाका, ती माती हलवू-पसरू नका. बाकीच्या झाडांच्या बुडाची सुकी पानं काढून हवा खेळती करा.

पानांवर रुपेरी चरे, कळ्यांची टोकं करपलेली, कळी फुगूनही उमलत नाही: फुलकिडे. पांढऱ्या कागदावर दांडी झटकली की टाचणीच्या टोकाएवढे पिवळट-काळे लांबोडे जीव पळताना दिसतील. 1 लिटर पाण्यात 5 मिलिलिटर निंबोळी तेल आणि थेंब-दोन थेंब द्रवसाबण घालून, ऊन उतरल्यावर, आठवड्याच्या अंतराने तीन वेळा फवारा. फूल उमलल्यावर फवारलं तर पाकळीवर डाग राहतात. कळी कोवळी असतानाच करा. पावसाळ्यात कोंब कुरतडलेले आणि मातीवर चकचकीत रेघ दिसली तर ती गोगलगाय. रात्री बॅटरी घेऊन हाताने वेचणं यापेक्षा चांगला उपाय नाही.

फुलं काढताना

दांडीवर कळ्या जोडीजोडीने असतात आणि खालून वर उमलत जातात. झाडावर ठेवली तर एक दांडी दोन-तीन आठवडे पुरते. फुलदाणीसाठी खालच्या दोन जोड्या उमलल्या की पहाटे किंवा संध्याकाळी दांडी कापा, बुडाशी चार बोटं ठेवून. सगळ्या कळ्या मिटलेल्या असताना कापली तर वरच्या उमलत नाहीत. फुलदाणीत 1 लिटर पाण्याला 20 ग्रॅम साखर घातली तर वरच्या कळ्यांना अन्न मिळतं, पण त्याच साखरेवर जंतूही वाढतात, म्हणून पाणी रोज बदला आणि देठाचा 1 सेंटिमीटर तिरका कापा. गजऱ्यासाठी पूर्ण फुगलेल्या, उमलायच्या बेतात असलेल्या कळ्या सकाळी आठच्या आत काढा.

निशिगंधाचा वास रात्री वाढतो कारण त्याची फुलं निशाचर पतंगांसाठी घडलेली आहेत: पांढरी, अंधारात दिसणारी, लांब नळीची. तोडल्यावरही फूल वास तयार करत राहतं. फ्रान्समधल्या ग्रास गावात पूर्वी ही फुलं चरबीचा थर दिलेल्या काचेवर पसरून ठेवत आणि तो वास चरबीत मुरवून घेत. म्हणून संध्याकाळी घरात चार फुलं वाटीत ठेवली तरी रात्रभर पुरतात.

काढणी आणि तीन ढीग

कुंडीतला निशिगंध दरवर्षी आणि वाफ्यातला दोन वर्षांनी, फार तर तीन, काढून पुन्हा लावायला हवा. डिसेंबर-जानेवारीत वाढ मंदावते, पानं शेंड्याकडून पिवळी पडतात. तेव्हा हळूहळू पाणी तोडा. पानं बरीचशी वाळली की, फेब्रुवारी-मार्चमध्ये, कुंडी उलटी करून सगळा गड्डा बाहेर काढा. पाण्याने धुवू नका. माती झटकून सावलीत आठवडाभर राहू द्या, मग पिल्लं हातानेच सुटी होतात. ओली असताना ओढली तर चकती फाटते आणि जखमेतून कूज शिरते.

आता तीन ढीग करा. पहिला, फुलून झालेल्यांचा: माथ्यावर वाळका खुंट, आत पोकळ, सुरकुतलेले. हे कंपोस्टमध्ये. जीव हळहळतो, कारण आकाराने हेच मोठे असतात, पण दुसऱ्या वर्षीची निराशा इथूनच सुरू होते. दुसरा, रुपयाच्या नाण्याएवढे किंवा जास्त भरणारे टणक, टोकदार कंद. यंदाच्या दांड्या यांच्या. तिसरा, त्याहून लहान. ते टाकू नका, पण मोठ्यांमध्ये मिसळूही नका. एखाद्या पसरट कुंडीत किंवा वाफ्याच्या कोपऱ्यात 10 सेंटिमीटर अंतरावर ते वेगळे लावा आणि वर्षभर पानंच वाढू द्या. एखाद्याने घाईने बारकी दांडी काढली तर ती कोवळी असतानाच खुडा, म्हणजे साठा फुलात न जाता शेजारच्या पिल्लांना मिळेल.

लावणीपर्यंत कंदांना चार ते सहा आठवडे विश्रांती द्या. कांद्याच्या जाळीच्या पिशवीत, वारा लागेल अशा सावलीच्या जागी टांगून ठेवा. प्लास्टिकच्या पिशवीत नको, घाम धरतो. चार-पाच दिवसांनी पिशवी हलवून कंद खालीवर करा आणि मऊ पडलेला दिसला तर लगेच वेगळा काढा, एका कंदाची बुरशी शेजाऱ्याला लागते.

परदेशात, जिथे हिवाळ्यात हिमतुषार पडतो, तिथे एवढी वाट पाहता येत नाही. पहिल्या हिमतुषाराच्या आत कंद काढून घरात, कोरड्या जागी ठेवावे लागतात. वसंतात हिमतुषाराचा धोका टळल्यावर बाहेर लावायचे, किंवा महिनाभर आधी खिडकीतल्या कुंडीत कोंब धरून मग बाहेर न्यायचे. तिकडचा उन्हाळा आखूड असल्याने पिल्लं फारशी भरत नाहीत. तिथे तिसरा ढीग मोठा आणि दुसरा लहान निघणार हे धरून चालावं.

तिसऱ्या ढिगाच्या कुंडीवर लावल्याचा महिना आणि वर्ष लिहून ठेवा. वर्षभर नुसती पानं बघून ती कुंडी बहुतेक घरांत 'गवत' म्हणून रिकामी केली जाते, आणि पुढच्या गणपतीतली फुलं नेमकी तिच्यातच तयार होत असतात.